डब्यातला पाऊस

सगळ्यात आधी बाबासाहेबांचा फोटो बाहेर आला. मग बुद्धाची मूर्ती, मग रेडिओ, मग मसाल्याच्या बरण्या, आणि सगळ्यात शेवटी, कुणीतरी हाताला धरून उठवल्यासारखे, दशरथ ओव्हाळ.

"फोटो मागं नको, घसरेल," नंदाबाई म्हणाल्या. त्यांनी तो धुतलेल्या सुती साडीत गुंडाळला, मुलाच्या, राकेशच्या, गाडीच्या पुढच्या सीटवर उभा केला आणि त्याला पट्टा लावला. त्यांच्या सुनेने, दीपालीने, तो पट्टा एकदा ओढून पाहिला. सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला प्रत्येक गोष्ट ओढून बघायची सवय लागते.

"सामान गाडीत कशाला भरताय?" दादांनी विचारलं. सुनेसकट सगळे दशरथ ओव्हाळांना दादाच म्हणत. "छत दुरुस्त करायचंय ना? की निकाल आधीच लागलाय?"

"धूळ बसेल म्हणून, दादा," राकेश म्हणाला.

"फोटोला काच आहे."

राकेश शिडी आणायला गेला.

निकाल खरं तर अर्धा लागलाच होता. गेल्या पंधरवड्यात पहाटे सिलिंगचा एक अख्खा प्लाय सुटून नंदाबाईंच्या उशीवर पडला होता. त्या चहा ठेवायला उठल्या होत्या म्हणून निभावलं. त्याच दिवशी राकेशने वडिलांना सांगितलं होतं, की रविवारी सगळं सिलिंग उघडून बघू. दुरुस्त होण्यासारखं असेल तर करू. नसेल तर तुम्ही दोघं धानोरीला आमच्याकडे, आणि डबा भंगारात. भंगारवाल्याला त्याने दुपारी येऊन बघून जायलाही सांगून ठेवलं होतं. हे वडिलांना सांगितलेलं नव्हतं.

डबा म्हणजे हे घर. निवृत्तीनंतर खडकीचं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा दादांनी दिघीच्या बाजूला ही जागा घेतली, आणि घेतल्यावर कळलं की ती लष्कराच्या रेड झोनमध्ये येते, विटेवर वीट ठेवता यायची नाही. भावकी हसली. दादांनी रस्त्याच्या कंत्राटदाराची चाकांवरची केबिन लिलावात उचलली, ट्रॅक्टरने ओढत आणली आणि चिंचेखाली उभी केली. आत प्लायचं सिलिंग, भिंतींना प्लायचं अस्तर, प्लायची जमीन, कोपऱ्यात ओटा, मागे मोरी. "घर? कसलं घर? गाडी लावलीय," असं ते विचारणाऱ्याला सांगत. लोक 'ओव्हाळांचा डबा' म्हणू लागले, तर दादांनी ते नावही घेऊन टाकलं.

आणि हा डबा त्यांनी जपला तो दारूगोळा जपावा तसा. त्यात अतिशयोक्ती नव्हती. उभी नोकरी त्यांनी खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या पॅकिंग सेक्शनमध्ये केली होती. पेटीत ओल शिरता कामा नये, एवढंच तिथलं काम, आणि दादांनी सील केलेल्या पेटीत ओल सापडली असं कधी झालं नाही. डब्याचा प्रत्येक सांधा त्यांनी सिलिकॉनने भरला होता. छतावर डांबराचा थर, त्यावर थर, त्यावर दर मे महिन्यात आणखी एक. खिडक्यांना रबरी पट्ट्या. आज तर प्लायचे नवे तुकडे आणि सिलिकॉनच्या नळ्यांची अख्खी पिशवी त्यांनी दाराशी मांडून ठेवली होती.

हेमाताई आली ती स्कूटर बंद करायच्या आतच बोलू लागली. ती राकेशची मोठी बहीण, येरवड्याला राहायची, दवाखान्यात नर्स होती. "जय भीम दादा. आई, तू वजन उचलू नकोस. राक्या, डबा मोडायला किती उत्साह! स्वतःच्या बाथरूमचा नळ वर्षभर गळत होता तेव्हा कुठं होतास?"

"तुझा भाऊ नळ ऐकत झोपायचा," दीपाली म्हणाली. "त्याला अंगाईसारखा वाटायचा."

राकेश हसला, नंदाबाई हसल्या. हेमाताई हसली नाही. दीपालीच्या विनोदाला न हसण्याचा तिचा नेम जुना होता. क्वार्टर सोडल्यावर दादा आणि आई धानोरीला राहायला आले होते आणि उन्हाळा संपायच्या आत निघून गेले होते. दादांना लिफ्टमध्ये गुदमरायचं आणि चार जिने चढताना दम लागायचा, कारण एवढंच होतं. पण हेमाताईच्या लेखी कारणाचं नाव दीपाली होतं. तिने ते उघड कधी म्हटलं नाही, आणि न म्हणता कधी सोडलंही नाही.

तर त्या सकाळी दोन बाजू अशा होत्या. डबा राहावा म्हणणारे दादा आणि हेमाताई. डबा जावा म्हणणारा राकेश, आणि नंदाबाई त्याच्याकडे झुकलेल्या. मोरीपुढची जमीन अलीकडे पायाखाली दबायची, आणि रात्री उठताना त्यांना भिंत धरावी लागायची. दीपालीला कुणी विचारलं नव्हतं. ती प्लाय धरायला होती.

चिंचेच्या सावलीत डब्याचा पत्रा अजून गारठलेला होता. राकेश स्टुलावर चढून स्क्रू काढू लागला. दादा खालून सूचना देत होते.

"डावीकडे फिरव."

"माहितीय, दादा."

"मग उजवीकडे का फिरवतोयस?"

सिलिंगचा एकेक तुकडा खाली आला. दीपालीने प्रत्येक उलटून पाहिला. खालची, खोलीकडची बाजू नुसती डागाळलेली होती. वरची, पत्र्याकडची बाजू मात्र भिजून बिस्किटासारखी सुटत होती. काळी बुरशी चढली होती, आणि ती ओट्याच्या वर सगळ्यात दाट. हे तिला चमत्कारिक वाटलं. ओट्यावर छताला एकही सांधा नव्हता.

"दार लावून घ्या, धूळ येतेय," दादा म्हणाले आणि स्वतःच उठून त्यांनी दार लावलं. रबरी पट्टी बसल्याचा मऊ आवाज झाला. नंदाबाईंनी एका शेगडीवर चहा ठेवला आणि दुसरीवर बुरशी पुसायला मोठं पातेलंभर पाणी. पाच माणसं, दोन शेगड्या आणि उघडा पडलेला पत्रा.

चहा गाळेपर्यंत राकेशने मानेवर हात मारला. "पाणी पडलं."

"घाम असेल," दादा म्हणाले. "काम केल्यावर येतो. तुला नवीन आहे."

मग एक थेंब हेमाताईच्या कपात पडला. टप्. तिने वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. पत्र्यावर थेंब दाटीने लोंबत होते. बघता बघता शेजारचे दोन एक व्हायचे, जड व्हायचे, घरंगळत जाऊन पट्टीच्या कडेला थांबायचे आणि सुटायचे.

राकेश तसाच बाहेर गेला. जानेवारीतलं आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं होतं. तो शिडी लावून छतावरही चढला. त्याचा आवाज पत्र्याच्या पलीकडून आला. "वर तर कोरडं ठणठणीत आहे! चिंचेचा पाला पडलाय नुसता!"

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "दादा, संपलं हे. पावसाळ्याचं पाणी डांबराखाली साठून राहिलंय. आभाळात ढग नाही आणि घर गळतंय. आता काय सगळं डांबर खरवडणार? ह्या वयात?"

हातातली सिलिकॉनची नळी दादांनी नुसती एका बोटावरून दुसऱ्या बोटावर फिरवली.

हेमाताईने कप खाली ठेवला. "दादा, मी तुमच्या बाजूने आले होते," ती म्हणाली. आवाज एकदम दवाखान्यातला झाला, खालचा आणि ठाम. "पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ही बुरशी छातीत जाते. राक्या बरोबर सांगतोय. तुम्ही इथं राहायचं नाही."

दादा एकटे पडले. त्यांनी नंदाबाईंकडे पाहिलं. त्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या.

दीपालीही झाकणाकडेच बघत होती.

पत्र्यात पाणी मुरत नाही, हे तिला माहीत होतं. डांबराखाली साठलं असतं तर सांध्यातून आलं असतं, सपाट पत्र्याला घामोळ्यासारखं सगळीकडे फुटलं नसतं. बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवून ती दरवर्षी मुलांना विचारायची, बाहेरून ओला झाला, मग पेला गळतो का? अर्धा वर्ग दरवर्षी हो म्हणायचा.

तिने वाकून जमिनीवरची मॅट उचलली. खालचा प्लाय मध्यभागी कोरडा होता. बोटाने वाजवला तर टणक वाजला. भिंतीलगत मात्र चारी बाजूंनी, साडीच्या काठासारखी एकसारखी काळी पट्टी होती, आणि त्या पट्टीत बोट रुतत होतं. पाणी जमिनीवर वरून पडलंच नव्हतं. पत्रा आणि अस्तर यांच्या मधून भिंतीने उतरत उतरत खाली जमलं होतं.

तिला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर तिने मॅट परत खाली टाकली.

कारण ते बोलून दाखवायचं म्हणजे काय, हेही तिला त्याच क्षणी कळलं. घर वाचतं असं म्हणायचं. म्हणजे सासू-सासरे आमच्याकडे येण्याची गरज नाही असं म्हणायचं. आणि ते कुणी म्हणायचं, तर सुनेने. राकेशने चैतालीची खोली रंगवून घेतली होती. मुलगी बंगळूरला नोकरीला गेल्यापासून तो त्या खोलीच्या दारात उगीच उभा राहायचा. आता तिथे दादांच्या आवडीचा पिवळा रंग होता, आईच्या गुडघ्यांसाठी उंच पलंग होता. दीपालीने तोंड उघडलं की ती खोली पुन्हा रिकामी होणार होती, आणि हेमाताईला इतक्या वर्षांनी पुरावा मिळणार होता.

न बोलणं किती सोपं होतं. दुपारी भंगारवाला येईल. मग सगळे एकत्र राहतील. आणि दादा पिवळ्या खोलीत बसून, आपण सील केलेली पेटी कुठून गळली याचा विचार करत राहतील. मरेपर्यंत.

"आई," तिने हळू विचारलं, "हे कधी कधी गळतं?"

"थंडीत," नंदाबाई म्हणाल्या. "भर पावसात कधी एक थेंब नाही. मी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पावसाचं पाणी मुरत मुरत उशिरा पोचतं. पोस्टानं येतं जणू."

"आणि त्या वरच्या झरोक्यांवर पत्रे कधी मारले?"

"ते होय! आधी नदीकडून डास यायचे म्हणून एकावर. मग गार वारा लागतो म्हणून दुसऱ्यावर. ओट्यावर भिंतीतल्या पंख्याच्या भोकावर पाल बसायची म्हणून तेही." नंदाबाईंनी झाकण उचललं, पाण्यात बोट घालून पाहिलं आणि सुनेकडे वळल्या. "काय कळलंय तुला?"

"काही नाही."

"वर्गात पोरांना असंच सांगतेस?"

नंदाबाईंनी एकवार हेमाकडे पाहिलं, एकवार राकेशकडे, आणि आवाज खाली आणला. "बोलून टाक. कोण काय म्हणेल ते मी बघते. मी अजून आहे."

दीपालीने त्यांच्या हातातलं झाकण घेतलं आणि दादांसमोर नेऊन उलटं धरलं. आतून ते थेंबांनी गच्च भरलं होतं.

"दादा, हे झाकण गळतंय का?"

"झाकण कशाला गळेल? वाफ आहे ती."

तिने झाकण तसंच धरून ठेवलं. दादांनी झाकणाकडे पाहिलं, मग मान वर करून पत्र्याकडे. एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"पाऊस आत येतच नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही येऊच दिलेला नाही. हे पाणी आपलंच आहे. चहाचं, भाताचं, अंघोळीचं. आपल्या श्वासाचं. त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून रात्री गार पत्र्याला लागतं आणि भिंतीतून खाली उतरतं."

दादा खुर्चीवर बसले.

"आम्ही पेटी बंद करायच्या आधी आत पुड्या टाकायचो," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "ओल शोषणाऱ्या. बाहेरची ओल अडवली तरी आतली राहते. नवीन पोरांना मीच शिकवायचो हे. मीच." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण पेटीत कुणी श्वास घेत नव्हतं ना."

नंदाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "तरी म्हटलं, ह्या माणसानं मला बंदुकीच्या गोळीसारखं का ठेवलंय."

राकेशला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. तो बायकोकडे बघत होता. "म्हणजे डबा दुरुस्त होतो?"

"झरोके उघडले, पंखा बसवला, कुजलेला प्लाय बदलला, तर होतो."

"वा," हेमाताई म्हणाली. "म्हणजे शास्त्र बरोबर वेळेवर आठवलं. सासू-सासरे दारात यायच्या आत."

ते वाक्य आलंच. दीपाली त्याची वाटच बघत होती, तरी ते लागायचं तिथे लागलं. तिने झाकण पातेल्यावर ठेवलं, नीट, चहूबाजूंनी, आणि बुरशी पुसायचं फडकं उचललं.

"हेमा," नंदाबाई म्हणाल्या, "धानोरीहून आम्ही का निघालो माहितीय? तुझे वडील लिफ्टमध्ये बसेनात. चार जिने चढून रोज भाजी आणायचे आणि वर आले की दीपालीवर खेकसायचे. ती एकदाही उलट बोलली नाही. मीच म्हटलं, चला इथून, नाहीतर सून बोलायला लागेल आणि तिचंच बरोबर असेल."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू सांगतच होतीस."

दादा घसा खाकरत म्हणाले, "लिफ्टमध्ये खरंच हवा नसते."

"असते, दादा," दीपाली म्हणाली. "तिला झरोका असतो. तुम्ही डोळे मिटून उभे राहायचात, म्हणून दिसला नाही."

आता हेमाताईही हसली. तिला ते आवरता आलं नाही, आणि हसल्यावर तिने नाइलाजाने दीपालीच्या हातातलं फडकं घेतलं आणि ती पत्रा पुसू लागली. माफी मागायची तिची रीत हीच होती. ती समोरच्याच्या हातातलं काम काढून घ्यायची.

राकेश मात्र दाराशी जाऊन उभा राहिला होता, पाठ करून. दीपाली त्याच्यामागे गेली.

"पिवळा रंग किती शोधून आणला होता मी," तो म्हणाला.

"माहितीय."

"आई-दादा नको होते का तुला?"

"राकेश, खालचं लाकूड बघितलंस? ओल्या लाकडावर नवा प्लाय ठोकला की वर्षभरात तोही कुजेल. आधी सगळं उघडं ठेवून वाळवायला लागेल. जमीन, अस्तर, सगळं. तोवर इथं झोपणार कुठं?" ती आत वळून मोठ्याने म्हणाली, "दादा, लाकूड वाळेपर्यंत धानोरीला यायचं. आई, तुम्हीसुद्धा."

"किती दिवस?" दादांनी विचारलं.

"ते लाकडाला विचारा."

दादांनी विचार केला. "थंडीत लाकूड सावकाश वाळतं," ते म्हणाले. मग राकेशकडे वळून, "रंग कुठला दिलाय म्हणालास?"

दुपार होईपर्यंत झरोक्यांवरचे पत्रे निघाले. दादांनी ते स्वतः काढले. राकेश पुढे झाला तर म्हणाले, "माझं सील आहे. मीच फोडणार." मग त्यांना आठवलं, की केबिनच्या खालच्या लोखंडी चौकटीलाही कारखान्यातूनच आलेली, पाणी निथळायची बारीक भोकं होती. किडे शिरतील म्हणून तीही त्यांनी लांबीची पुट्टी भरून बुजवली होती. बापलेक दोघं चाकाशेजारी उकिडवे बसले. दादांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, वरून एक ठोका दिला, आणि लांबीचा खडा निघाला.

आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. आधी थेंब थेंब, मग करंगळीएवढी धार. ती चाकाच्या रबरावरून उतरली आणि चिंचेच्या मुळाकडे निघाली. दुसरं भोक फोडलं, तिथूनही. नंदाबाई पदर खोचून बघत राहिल्या.

"एवढा चहा प्यालो आपण?" त्या म्हणाल्या.

"आणि एवढं बोललो," दादा म्हणाले. "श्वासाचंही आहे त्यात. जास्त तुझं असेल."

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला टेम्पो थांबला. भंगारवाला उतरला, डब्याला एक फेरी मारून आला, चाकाला लाथ मारून पाहिली. "हाच ना साहेब? फोनवर बोलला होतात."

राकेशचे कान लाल झाले. दादांनी मुलाकडे पाहिलं, भंगारवाल्याकडे पाहिलं. मग वाकून झरोक्यांचे गंजलेले पत्रे गोळा केले आणि त्याच्या हातात ठेवले.

"हाच," ते म्हणाले. "एवढाच निघाला. घेऊन जा."

निघताना पुढच्या सीटवर बाबासाहेब असल्यामुळे दादांना मागे, दोन बायकांच्या मधे बसावं लागलं. हेमाताई स्कूटरवर पुढे गेली होती, खोलीत चादरी घालायला. दादांनी सवयीने उतरून डब्याचं दार लावलं, ओढून पाहिलं, आणि मग परत उघडून त्यात वीट अडकवली. खिडक्या उघड्या होत्या. आतून वारा आरपार जात होता, आणि राहिलेला एक सुटा प्लाय हलकेच आपटत होता.

गाडी दिघीच्या रस्त्याला लागल्यावर दादांनी शेजारी वळून, फॅक्टरीत नव्या पोराला विचारावं तसं, विचारलं.

"दीपाली, तुझ्या स्वयंपाकघराला भोक आहे ना?"

"आहे, दादा."

"जाळी साफ असते?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. पुढे राकेशचे खांदे हलताना दिसत होते.

"गेल्यावर मी बघतो," दादा म्हणाले, आणि सिलिकॉनच्या नळ्यांची पिशवी पायाखाली आणखी आत सरकवून आरामात मागे टेकले.